घरत सरांचं ‘कशावरून?’

घरत सर गेल्याची बातमी आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो, कशावरून? याच ग्रुपने मागे आमच्या धडधाकट शिपायाला श्रद्धांजली वाहिली होती. तो बिचारा खाली ‘मी आहे’ असं लिहीत बसला होता. म्हणून मी सरळ सरांच्याच मोबाइलवर फोन लावला. रोडपालीच्या घरी त्यांच्या सुनेने उचलला. “खरं आहे, मावशी,” ती म्हणाली. तरी मी किती वाजता, जवळ कोण होतं, डॉक्टर काय म्हणाले, विचारतच राहिले... फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

मी पनवेलच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. ग्रंथपालाला संशयी असावंच लागतं, आणि मी तर मूळचीच तशी. सर फौजेतली नोकरी संपवून, तिथे असतानाच बाहेरून एम.ए. करून, आमच्याकडे इतिहास शिकवायला आले आणि वर्षभरात माझ्या पुस्तकांच्या समासांत बारीक पेन्सिलीने ‘कशावरून?’ उगवायला लागलं. त्यातल्या ‘श’ची गाठ पोट फुगल्यासारखी. मी खोडरबर घेऊन मागे आणि तो शब्द आपला पुढच्या पानावर. शेवटी पाळत ठेवून पकडलं त्यांना. “अहो, मग पुस्तकात लिहिणाऱ्या मुलांना कुठल्या तोंडाने दंड करू मी?” तर म्हणाले, “पेन्सिल आहे, बाई. खोडता येते. छापलेलं खोडता येत नाही, त्याचीच काळजी करायची.” जवळच्या शिरढोण गावी मुलांना इतिहास दाखवायला घेऊन गेले तेव्हा एका आजोबांनी रंगवून सांगितलेल्या हकिगतीलाही त्यांनी तोच प्रश्न विचारला. आजोबांनी चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

आता माझा गुन्हा सांगते. सर लढाईबद्दल कधी बोलत नसत. सव्वीस जानेवारीला मुलं मागे लागली की थंडीत दाढीचं पाणी कसं गोठतं एवढंच सांगायचे. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. हा माणूस सीमेवर गेलाच नसावा, असं मी ठरवून टाकलं आणि एकदा स्टाफरूममध्ये बोलूनही बसले, “फौजेत पोळ्या लाटत असणार.” सर दारातच उभे होते. “पोळ्या नाही, बाई. पत्रं लिहायचो,” म्हणाले आणि हजेरीपट घेऊन वर्गावर गेले. म्हणजे कारकून. माझा संशय पक्का झाला. वीस वर्षं मी तो मनात बाळगला, त्यांच्यासोबत रोज डबा खाताना सुद्धा.

मुलांकडून ते एक गोष्ट घोकून घेत. एकाच कागदात दोन गोष्टी एकमेकींशी बसत नसतील, तर तिथे बोट ठेवायचं.

शोकसभा ग्रंथालयाच्या हॉलमध्ये झाली. संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई माझ्यापाशी आल्या. त्यांचं नाव-गाव मी लिहिणार नाही. नाक्यावरच्या बॅनरवर सरांचं नाव आणि खाली ‘माजी सैनिक’ वाचून नातवाने त्यांना आणलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पत्र काढलं. नवरा सीमेवर मारला गेला तेव्हा त्याच्या तुकडीतल्या घरत नावाच्या जवानाने लिहिलेलं. “ह्या सरांचाच अक्षर हाय का? नातू बोलतो, अशी पत्रा सगल्यांना एकसारकीच यायची. खरा काय नसतं.”

पहिल्याच ओळीत ‘शूर’ होतं. ‘श’ची गाठ फुगलेली. पुढे लिहिलं होतं, ‘मी त्यांच्या शेजारीच होतो. गोळी लागली आणि ते क्षणात गेले, काही त्रास झाला नाही.’ आणि चार ओळींनंतर, ‘शेवटी बराच वेळ तुमचंच नाव घेत होते.’

क्षणात गेले, आणि बराच वेळ नाव घेत होते... माझं बोट आपोआप तिथे गेलं. शेजारी बसून सरांनी जे पाहिलं असेल, ते या दोन ओळींच्या मधे कुठेतरी होतं. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि मग रडूच आलं.

“सरांचंच अक्षर आहे,” मी म्हटलं. “आणि लिहिलंय ते खरं आहे.”

बाईंनी विचारलं, “कशावरून बोलता?”

“सर खोटं लिहायचे नाहीत.”

त्यांनी पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि पिशवीला दोनदा गाठ मारली. “येवढाच पायजे होता,” म्हणाल्या.

हा लेख पाठवण्याआधी परत वाचत होते. ‘सर खोटं लिहायचे नाहीत’ या वाक्यापाशी आले आणि हात थांबला. समासात पेन्सिलीने त्यांचा शब्द लिहिला. ‘श’ची गाठ काही त्यांच्यासारखी जमली नाही. खोडरबर समोरच आहे, पण अजून हात लावलेला नाही.