माहेर जीपमधून आलं

"तिला विचारलंस काय?"

रत्नागिरीच्या मासळीबाजारात एखाद्या पुरुषाने सुरमईला हात लावला, की आमच्या शेजारच्या मावशी कोयता अर्ध्यावर थांबवून एवढंच विचारायच्या. घरून बांगडे सांगितलेत आणि हा सुरमई नेतोय, हे त्यांना चेहऱ्यावर दिसायचं. तुमच्या दिसत असेल-नसेल, माझ्या हमखास.

बायकोचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा मात्र मी सगळ्यांना विचारलं. मुंबईला आईला फोन केला, सासऱ्यांना केला, मेव्हण्याला केला. पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर एकमत झालं. जीपवाल्याचंही तेच मत पडलं.

माहेर कातळापलीकडे. जीप देवळापर्यंत जाते, पुढे घाटी उतरायची, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा. इस्पितळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यात बाळ पोटात आडवं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. मी म्हटलं, माहेरच्या हवेनं वळेल. बायको गप्प होती. मला वाटलं, किती समजूतदार आहे.

निघायच्या सकाळी मावशी टोपलीसकट जीपच्या पुढच्या सीटवर बसलेल्या.

"मावशी, बाजार तिकडे नाही."

"ठाऊक हाय. तिला विचारलंस काय?"

"सगळ्यांना विचारलंय."

"बाळ सगळ्यांच्या पोटात हाय काय रे? विचार, मग मी उतरतंय."

जीपवाला हसला. मग टोपलीतलं पाणी नव्या सीटवर ओघळताना त्याला दिसलं. "विचारा हो लवकर," तो म्हणाला.

उखाणा घेतानाही लाजलो नव्हतो इतका लाजत मी मागे वळून विचारलं.

"मला इथेच राहायचंय," बायको म्हणाली. "आईलाच इकडे आणा."

रिकामी गेलेली जीप सासूबाई, घरचे तांदूळ आणि एक तक्रारखोर कोंबडी घेऊन परतली. जावयाच्या घरी राहायचं कसं, म्हणून सासूबाई झोपायला मावशींकडे जात. पोटातली आमची लेक शेवटपर्यंत आडवीच राहिली. पोट उघडून काढावी लागली. आजही कुणाच्या सांगण्याने वळत नाही.

पुढे मावशींना त्यांच्या लेकीनं दाभोळला न्यायचं ठरवलं. मी छाती काढून गेलो. "मावशी, तुम्हाला विचारलं काय?"

"विचारलं रे. मी नको म्हटलं. मग गुडघ्यांस विचारलं, ते हो म्हणाले."

आता बाजारात त्यांच्या रिकाम्या ओट्यापुढे मी फोन कानाला लावून उभा राहतो. "बांगडे की सुरमई?"

"तुला हवं ते आण," बायको म्हणते.

मी ओट्याकडे बघत राहतो.