न चाखलेले गुलगुले

केळी काळी पडली की आमच्याकडे गुलगुले होतात. केळी कुस्करायची, त्यात गूळ-कणीक कालवायची आणि गोळे तेलात सोडायचे. पहिला घाणा देवाला, म्हणून नैवेद्याआधी करणारीने चाखायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक.

आज देवाला नैवेद्य दाखवून सगळ्यांच्या बशा भरल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, गूळ कमी पडलाय. जरा चाखून बघायचं ना!" सासूबाईंनीही मान डोलावली. माझ्या मस्तकात तिडीक गेली. आधी जिभेला कुलूप घालायचं आणि मग तिलाच चवीचा जाब विचारायचा, हे किती घरांत किती पिढ्या चाललं असेल?

पुढच्या घाण्यातला एक गुलगुला मी फुंकर मारून सगळ्यांदेखत तोंडात टाकला. गूळ खरंच कमी होता.

"देवाने काही तक्रार केली नाही," मी म्हणाले आणि गॅस बंद केला.