अंतरपाट आणि मागाहून फोकस होणारा कॅमेरा

फोटो काढून झाल्यावर फोकस बदलता येतो अशी ख्याती असलेला, पण बाजारात न चालल्यामुळे निम्म्याहून कमी किमतीत विकायला काढलेला कॅमेरा विकत घ्यावा की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. निवृत्तीपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे प्रश्न नीट मांडल्याशिवाय उत्तराकडे जाऊ नये, ही सवय अंगात मुरलेली आहे. तरीही या वेळी प्रश्न मी नव्हे, माझ्या ताईने मांडला होता; आणि तिला कॅमेऱ्यांतले काहीही कळत नव्हते.

ताई गिरगावात, जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या लेकीच्या लेकीचे लग्न ठरले, दादरचा हॉल ठरला, आणि नेमकी त्याच सुमारास ताई न्हाणीघरात घसरली. खुब्याचे ऑपरेशन झाले. जिने उतरायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले. लग्न पुढे ढकलू या, असे सगळ्यांनी सुचवून पाहिले. तिने कुणाचे ऐकले नाही. मात्र एक गोष्ट तिला टोचत होती. नातजावई लालबागचा, नोकरी चांगली, स्वभाव चांगला असे सगळे म्हणत. पण तो बोलत नसे. हॉस्पिटलात तिला भेटायला आला तेव्हा खाटेपाशी उभा राहून त्याने फक्त हो आणि नाही एवढीच उत्तरे दिली. त्याच्या आईने बाजू सावरली. म्हणाली, “माझो झील बोलणा नाय, पण बघता सगळा.” ताईचे समाधान झाले नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा तिने मला जवळ बोलावले. “मुलगी मला पाठ आहे रे,” ती म्हणाली. “अंतरपाट निघतो ना, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. तेव्हा माणसाला सोंग आणता येत नाही.”

व्हिडिओ कॉलवर आमचा विश्वास नव्हता. साखरपुड्याच्या वेळी त्याचे चित्र गोठले होते आणि ताईने बराच वेळ फक्त आपल्या जावयाचे पेढ्यासाठी उघडलेले तोंड पाहिले होते. राहता राहिले फोटो. इथे अडचण शास्त्रीय होती. अंतरपाट निघतो त्या क्षणी वधू जवळ, वर लांब आणि मधे कापड असते. वरून अक्षता पडत असतात. साधा कॅमेरा यांपैकी एकच काहीतरी निवडतो, आणि घाईत बहुधा चुकीचे निवडतो. आमच्या घरच्या लग्नांच्या अल्बमांत कापडाची वीण अगदी स्पष्ट आणि नवरदेव म्हणजे धुक्यातला फेटा, असे फोटो किती तरी आहेत.

म्हणून मी फोर्टातल्या दुकानात गेलो. तो कॅमेरा कॅमेऱ्यासारखा दिसतच नव्हता. एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला चिमुकला पडदा आणि मधे चौकोनी नळी. त्याचे तत्त्व सोपे करून सांगतो. साध्या कॅमेऱ्यात कोणत्या जागी किती प्रकाश पडला, एवढीच नोंद होते. या नळीत बारीक भिंगांचा एक थर बसवलेला असतो. त्यामुळे तो प्रकाश कोणत्या दिशेने आला, हेही टिपले जाते. दिशा माहीत असली की फोकस कुठे ठेवायचा ते मागाहून गणिताने ठरवता येते. तत्त्व निर्दोष होते. दुकानदाराला विचारले की मग हा खपला का नाही, तर तो म्हणाला की लोक एकदा गंमत बघतात आणि खिशातून मोबाइल काढतात. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला आणि मी कॅमेरा घेतला.

घरी आल्यावर ओट्यावर डबे मांडले: चहाचा अगदी भिंगापाशी, साखरेचा मधे, पोह्यांचा भिंतीला टेकून. निरनिराळ्या अंतरांवरून फोटो काढले. सौभाग्यवती फोडणीसाठी खोळंबली होती. तिने विचारले, “अहो, लग्नाला जायचंय की डब्यांचं लग्न लावायचंय?” पण त्या डब्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. एक, संध्याकाळच्या उजेडात चित्र रवाळ येते. दोन, मोठे करून पाहिले तर मोबाइलचा फोटो याच्यापेक्षा कितीतरी सुबक असतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सगळे डबे लांब असतील तर फोकस बदलूनही काही बदलत नाही. एक वस्तू हातभर अंतरावर असेल, तरच या यंत्राची करामत दिसते.

याचा अर्थ स्पष्ट होता. हॉलमधल्या खुर्चीत बसून उपयोग नव्हता. मला वधूच्या खांद्यामागेच उभे राहायला हवे होते. आणि ती जागा मामाची.

नियमाने मामा म्हणजे ताईचा मुलगा, माझा भाचा. तो नवीन सदरा घालून सकाळपासून त्या भूमिकेत शिरलेला होता. मी त्याला बाजूला घेऊन विनंती केली. त्याने नळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“मामा, आज मामा मी आहे.”

“मी कुठे नाही म्हणतो? फक्त खांद्याएवढी जागा दे.”

“तुमची हौस घरी करा हो. तिच्या मागे मामा उभा असतो, सायन्सचे सर नाही.”

तेव्हा मी त्याला ताई काय म्हणाली ते सांगितले. त्याने नळीकडे पुन्हा एकदा पाहिले. आईला खुर्चीत बसवून आणू, यासाठी तो डॉक्टरांशी भांडून आला होता, हे मला माहीत होते. मग तो म्हणाला, “माझ्या डाव्या बाजूने घुसा. पण अक्षता माझ्या डोक्यात पडल्या तरी चालतील, तुमचं कोपर नको.”

मंगलाष्टके सुरू झाली. भटजींचा आवाज चांगला होता आणि त्यांना ते ठाऊक होते. एका मंगलाष्टकाचा शेवट लांबवून ते दुसऱ्यात शिरत. हॉलच्या फोटोग्राफरने “मामा, जरा डावीकडे” असे सांगितले, तेव्हा आम्ही दोघेही डावीकडे सरकलो आणि पुन्हा तिथेच एकमेकांना अडलो. करवल्या हसल्या. वधूने मान न वळवता, ओठांतल्या ओठांत, “दोघेही गप्प उभे राहा,” असे दटावले. शेवटचे सावधान झाले, ताशा कडाडला, अंतरपाट हलला आणि मी बटण दाबले. एकदाच दाबता आले. पुढच्या क्षणी भाच्याने आनंदाने दोन्ही हात वर केले आणि भिंगासमोर फक्त त्याची बाही उरली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ताईकडे गेलो. लेक, जावई आणि शेजारच्या दोन वहिनी खाटेभोवती जमल्या. फोटो उघडला. त्यात अत्यंत स्पष्ट, केसन्‌केस मोजता येईल असा, माझ्या भाच्याचा कान होता.

“कान छान आलाय,” ताई म्हणाली.

सगळे हसले. मी शिक्षकाच्या धीराने तिचा हात माउसवर ठेवला आणि ज्याला बघायचे असेल त्याच्यावर टिचकी मारायला सांगितले. मला वाटले, ती आधी नातीवर जाईल. तिने बाण सरळ पलीकडे नेला. कान विरघळला, वधूच्या मुंडावळ्या विरघळल्या आणि कापडापलीकडचा माणूस हळूहळू स्पष्ट झाला.

तो ताठ उभा नव्हता. अंतरपाट अजून अर्धा हवेत होता आणि नवरदेव गुडघ्यांत वाकून, हार दोन्ही हातांत छातीशी धरून, मान वाकडी करून कापडाखालून बघत होता. फेटा एका बाजूला कलंडला होता. तोंड उघडे होते. हसणे पुरते सुरू झालेले नव्हते, पण थांबवता येण्यासारखेही राहिले नव्हते.

ताई बराच वेळ पाहत राहिली. मग तिने नातीवर टिचकी मारली आणि आम्हाला दिसले की नातही वाकलेली होती. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. तो स्पष्ट, ती स्पष्ट, मधे धूसर कापड. तिला हसू आवरेना. टाके दुखतील म्हणून लेक रागावली, तर म्हणाली, “दुखू देत.”

मग तिने नातजावयाला फोन लावायला सांगितला.

“काय हो, मान लचकली नाही ना?”

 पलीकडून त्या न बोलणाऱ्या मुलाचा आवाज आला. “आजी, भटजींनी फारच लांबवलं हो. मला राहवेना. तिला सांगितलं होतं मी, तूही वाक म्हणून.”

ताईने फोन छातीशी धरला आणि आम्हाला म्हणाली, “बोलतो की.” त्यानंतर त्या दोघांचे जे बोलणे चालले ते इतके लांबले की आमचा चहा होऊन गेला, वहिनी घरी गेल्या आणि मी लॅपटॉप बंद केला.

आता प्रश्नाचे उत्तर. रोजच्या फोटोंसाठी हा कॅमेरा घेऊ नये. हातातला मोबाइल पुरेसा आहे आणि पुष्कळ बाबतींत चांगला आहे. जवळचे एक माणूस आणि लांबचे एक माणूस, दोन्ही तुम्हाला सारखीच हवी असतील आणि निवड मागाहून कुणीतरी करणार असेल, तर सवलतीच्या किमतीत तो घेण्यासारखा आहे. मला तो लाभला. पण माझे हे मत एका फोटोवर आणि एका ताईवर उभे आहे, तेवढ्यावर विसंबू नका. दुकानात गेलात तर एक वस्तू भिंगापाशी आणि एक भिंतीपाशी ठेवायला सांगा, त्याचे सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर अजून चालते का ते पाहा, आणि कृपया स्वतः तपासून मगच ठरवा.