विमानात बसण्याआधी शालनबाईंना जे सांगितलं गेलं

शालनबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बसला रागावत होत्या. ड्रायव्हरला नव्हे, कंडक्टरला नव्हे, बसला. चिंचवड स्टेशनच्या समोर हमरस्त्यावर उभं राहून त्यांनी हात आडवा केला आणि अशा काही गरजल्या की बस थांबली, बसमागचा ट्रक थांबला, ट्रकमागची बैलगाडी थांबली, पलीकडच्या रुळांवर पुण्याची गाडी सिग्नल नसताना थबकली आणि माझ्या मनगटावरचं मामाने दिलेलं घड्याळ बंद पडलं ते कायमचं. पिंपरीच्या एका कारखान्याची पहिली पाळी म्हणे त्या दिवशी दहा मिनिटं लवकर सुटली, कारण भोंगा झाला असं सगळ्यांना वाटलं.

बाईंनी शांतपणे जेवणाचे डबे बसमध्ये चढवले. ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काय बगतो रं? जेवायचंय?"

मला भूक नव्हती. मी "हो" म्हणालो. ही एकोणीसशे सहासष्टची गोष्ट. मी कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नुकताच लागलो होतो, आणि त्या "हो"चे परिणाम म्हणून लग्न होईपर्यंत मी त्यांच्याच खानावळीत जेवलो.

शालनबाई मूळच्या थेरगावच्या. नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगी, रंभा. स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी खानावळ घातली आणि तिन्ही पाळ्यांच्या कामगारांना जेवू घालताना तिन्ही पाळ्यांत रागावल्या. ताटात भाजी टाकली की राग. जास्त मागितली की राग. कमी मागितली तर "घरून भांडून आलास का" म्हणून राग. आजारी माणसाला पेज करून द्यायच्या, तीही आदळून. त्यांच्या हातचं खाऊन वाढलेले निम्मे लोक पुढे बसचे ड्रायव्हर-कंडक्टर झाले होते, त्यामुळे बाईंनी कुठेही हात केला की बस थांबायची. स्टॉप असो नसो. आपल्याला सोडून एखादी गाडी निघून जाऊ शकते, ही गोष्ट त्यांना आयुष्यात कधी शिकावीच लागली नव्हती.

रंभाचं लग्न एका वेल्डरशी झालं आणि तो तिला कुवेतला घेऊन गेला. तिचं पहिलं बाळंतपण तिकडेच झालं. आई नाही, शेजार नाही, शेक नाही, मालीश नाही. मूल चार दिवस जगलं. तार आली तेव्हा बाई चपात्या लाटत होत्या. त्यांनी तार माझ्याकडून वाचून घेतली, उरलेल्या चपात्या लाटून संपवल्या आणि मग जावयाला शिव्या द्यायला सुरुवात केली. जावई कुवेतला असल्यामुळे त्या चिंचवडात जो सापडेल त्याला घ्याव्या लागल्या. वर्षभर आम्ही सगळ्यांनी त्या आळीपाळीने घेतल्या.

अठ्ठ्याहत्तर साली रंभाला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. जावयाने सासूसाठी तिकीट पाठवलं.

"या टायमाला मी तिथं असनार," बाई म्हणाल्या. "पोर भुईवर यायच्या आदी. मग ते इमान असू दे न्हाईतर गाडव."

आता आमच्या आळीत विमानात बसलेलं माणूस एकही नव्हतं. म्हणूनच सल्ला द्यायला सगळे पात्र होते. सर्वांत पुढे हरिहरपंत. हे देहूरोडच्या डेपोतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. एकदा लोहगावला कुणा साहेबाला पोचवायला गेले असताना त्यांनी विमान जवळून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून पंत आकाशाकडे मालकाच्या नजरेने बघत.

"कानात कापूस घाला," पंत म्हणाले. "दोन्ही कानांत. लवंग दाढेखाली. वर थंडी असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी."

"कापूस घालू का कानटोपी?"

"दोन्ही. आणि खाली बघायचं नाही."

"का? खाली कोन हाय?"

शाळेतल्या अरुंधतीबाईंनी पट्टा कसा बांधायचा ते माझ्या कमरेच्या पट्ट्यावर करून दाखवलं आणि 'वॉटर' आणि 'नो मीट' एवढं इंग्रजी घोकून घेतलं. शालनबाईंनी ते पाठ केलं, पण त्यांच्या तोंडी 'नो मीट' ही धमकी वाटायची. बाकीच्यांचं चालूच होतं: दही खाऊ नका, मुळा खाऊ नका, डावा पाय आधी टाकू नका, शेजारी बसलेल्याला गावाचं नाव सांगू नका. एक जण म्हणाला, विमान हलायला लागलं तर सगळ्यांनी मिळून एका बाजूला बसायचं.

"आणि पोचायचं कधी?" मी विचारलं.

"सुटायच्या अर्धा तास आधी," पंत म्हणाले. "फार लवकर जाऊन उपयोग काय? विमान काय धुवायचंय?"

मला हे पटलं. मी तरी कुठे बसलो होतो विमानात?

विमान दुपारचं होतं. पहाटे निघालो. जीप जयसिंगची. हा बाईंच्या हातचं खाऊन वाढलेला ड्रायव्हर. मी इंग्रजी बोलायला, आणि पंत जाणकार म्हणून. घाटात जयसिंगने शिंग्रोबाला नारळ फोडला, ते ठीकच. पण पनवेलला बाईंनी जीप थांबवली, फडकी पसरली आणि पिठलं-भाकरी काढली.

"बाई, उशीर होईल," मी म्हणालो.

"उपाशी मानसं घिऊन जाऊ? माजं नाव हाय ना तिकिटावर? मग मला सोडून जातंय व्हय?"

पंतांनी दुसरी भाकरी घेतली आणि वेळ भरपूर असल्याचं सांगितलं.

सांताक्रूझला पोचलो तेव्हा विमानाला पाऊण तास होता. आम्हाला वाटलं, पंधरा मिनिटं लवकरच आलो. काउंटरवरचा तरुण घाम पुसत म्हणाला, "इतक्या उशिरा? दोन तास आधी यायचं असतं. लवकर सामान ठेवा."

बाईंनी वळकटी ठेवली, ट्रंक ठेवली, आणि मग एक पोतं ठेवलं. पोतं ठेवताच काउंटरवर काळा धूर उडाला.

"आजी, यात काय आहे?"

"आजी कुनाला म्हंतो रं? नातू व्हायचाय अजून."

तरुणाने पोतं उघडलं. लोखंडी शेगडी, कोळसा, गोवऱ्या, बाळंतशोप, ओवा, आणि पेटवायला बाटलीभर रॉकेल.

"हे रॉकेल आहे?"

"मग काय गुलाबपानी?"

"बाई, विमानात रॉकेल नेता येत नाही."

"इमान कशावर चालतं? पान्यावर?"

तरुणाने शेगडी उचलून पाहिली. मग म्हणाला, "शेगडी कशाला पण?"

"बाळंतिनीला शेक द्यायला. तुज्या आयला न्हाई दिला कुनी? तरीच."

मागे उभ्या असलेल्या एका शेटजींना हसू आलं. बाई त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांचं हसू गेलं. मी म्हणालो, "शालनबाई, पोतं जयसिंगकडे द्या. तुम्ही चला."

"गेल्या टायमाला शेक न्हाई मिळाला तिला," बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदा खाली आला होता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "थंड भुईवर पडली हुती पोर माजी. पोतं जाईल तर मी जाईन."

आणि त्या पोत्यावर बसल्या. भर विमानतळावर, काउंटरसमोर, नऊवारी लुगडं सावरून. हात करून भागलं नाही तर समोर बैठक मारायची, ही त्यांची बस अडवायची शेवटची पायरी होती. चिंचवडला या पायरीपुढे कुणीही टिकलेलं नव्हतं.

तरुणाने वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने आणखी वरच्या साहेबाला. त्या साहेबाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "काउंटर बंद." मी इंग्रजीत विनवण्या केल्या. त्याने मराठीत नकार दिला.

पंत म्हणाले, "थोडं थांबवतील. माणूस आत आहे म्हटल्यावर."

लोकांना विमानं बघायला वर एक गच्ची होती. बाई तिकडे निघाल्या, मी मागे, जयसिंग पोतं घेऊन मागे, सर्वांत मागे पंत. खाली विमान हळूहळू सरकत होतं. बाई कठड्याशी गेल्या आणि त्यांनी हात आडवा केला. तसाच. चिंचवड स्टेशनच्या समोर करत तसाच, सरळ, बोटं ताठ.

विमान वळलं. बाईंनी हात खाली घेतला नाही. ओरडल्याही नाहीत, आणि मला वाटतं ते सर्वांत वाईट होतं. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, तिथून सुटलं आणि उचललं गेलं. जयसिंगने पोतं खाली ठेवलं आणि पुढे होऊन त्यांचा हात धरून खाली केला.

"बाई, चला."

"थांबलं न्हाई," बाई म्हणाल्या.

मग राग आला. आला म्हणजे तो आधी कधी आलाच नव्हता असं आम्हाला वाटलं. त्या रागावल्या विमानाला, साहेबांना, कुवेतला, जावयाला, पनवेलला, स्वतःच्या भाकरीला. सर्वांच्या शेवटी पंतांना.

"पंत, कापूस सांगितला. लवंग सांगितली. दोन तास आदी यायचं ते का न्हाई सांगितलं?"

"मला कुठे माहीत होतं?"

"मग बोललास कशाला?"

पंत कठड्यापलीकडे बघू लागले. मीही तिकडेच बघत राहिलो. आळीतल्या सगळ्या शहाण्यांना एका रांगेत उभं करून तोच प्रश्न विचारावा असं मला वाटत होतं, आणि त्या रांगेत मीही असतो, याचा आणखी संताप येत होता. एका बाईला तिच्या लेकीपाशी पोचवायचं होतं. आम्ही तिला मुळा खाऊ नको म्हणून सांगत बसलो होतो.

पुढचं विमान तीन दिवसांनी होतं. बाई जयसिंगच्या कुर्ल्याच्या भावाकडे राहिल्या आणि म्हणे त्या चाळीतल्या सगळ्यांवर रागावल्या. तिसऱ्या दिवशी त्या सकाळी सहालाच विमानतळावर जाऊन बसल्या. पोतं नव्हतं. कापूस नव्हता. विमानात काय झालं हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही; कुणी विचारलं की म्हणायच्या, "खुर्चीत बसले आन उठले."

रंभाला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. शालनबाई कुवेतला पोचल्या तेव्हा तो दोन दिवसांचा होता.