वीरनारी छापलेला टी-शर्ट

माझ्या नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो फौजेत होता. सीमेवर गस्त घालताना पायाखाली सुरुंग फुटला. आधी इस्पितळ, मग पुण्यात नकली पाय बसवणं, असं सगळं होऊन तो केशोरीला घरी आला तेव्हा गावानं बँड लावून मिरवणूक काढली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्याला खुर्चीवर बसवलं होतं आणि खुर्ची घसरू नये म्हणून दोघं जण मागून धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी तो मधल्या खोलीत जाऊन पडला, तो जवळजवळ वर्षभर तिथंच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी निघताना तो भिंतीकडे तोंड करून मोबाइल पाहत असायचा आणि परतल्यावरही तसाच दिसायचा. नकली पाय कोपऱ्यात उभा. उरलेल्या थोटकावर घामानं पुरळ यायचं, त्याचा एक आंबूस वास खोलीत राहायचा. मी मलम घेऊन गेले की तो म्हणायचा, "ठेव तिथं. मी लावतो." कोणी पाहुणा आला की सासूबाई धावत येऊन त्याच्या पायांवर चादर टाकायच्या. आमच्या सहा वर्षांच्या मुलीनं तो पाय कधी उघडा पाहिलाच नव्हता. ती दारात उभी राहून बापाशी बोलायची आणि तिथूनच परत जायची.

अशात एक दिवस गोंदियाहून एका संस्थेचे अध्यक्ष आमच्या घरी आले. पांढरी पँट, पांढरे बूट, मनगटावर जाड लाल धागा. जखमी जवानांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तीन दिवसांचं शिबिर आहे, म्हणाले. तलावाकाठी राहायचं, बोटीत फिरायचं, जंगलात हिंडायचं, पक्षी बघायचे. "नेचर सबसे बड़ा डॉक्टर है, मॅडम," असं त्यांनी मला सांगितलं. नवरा आतल्या खोलीत सगळं ऐकत होता. ते गेल्यावर म्हणाला, "मी कायले जाऊ? पाय दाखवाले?"

मुलीनं मात्र बोट हा शब्द ऐकला होता. ती दारातूनच म्हणाली, "बाबा, मले बोटीत बसाचं हाय." शेवटी तो मला म्हणाला, "कुबड्याबी घेऊन घे संग."

खरं सांगायचं तर मलाही आशा वाटली होती. हा माणूस लहानपणापासून पाण्यातला. गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पोहून, गळ टाकून मोठा झालेला. पाणी दिसलं तर थोडा मोकळा होईल, असं मनात होतं.

शिबिराच्या दारावरच भलामोठा फलक होता. त्यावर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो होता आणि एका पुढाऱ्याचा त्याहून मोठा. खाली बंदूक धरलेला एक गोरा सैनिक, तो कुठल्या तरी परदेशी चित्रातला असावा. आमच्यासारखी पाच-सहा कुटुंबं आली होती. सौंदडकडचा एक जवान होता, निमलष्करी दलातला. जंगलातल्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेलेले. त्याची बायको त्याच्या कोपराला धरून चालत होती, पण धरून चालवते आहे असं वाटू न देता.

आल्या आल्या टी-शर्ट वाटले. पुरुषांच्या टी-शर्टवर 'वीर योद्धा' आणि आम्हा बायकांच्या टी-शर्टवर 'वीरनारी' असं छापलेलं. मी ते पुन्हा वाचलं. फौजेत हा शब्द विधवेसाठी वापरतात. नवरा इस्पितळात असताना मी तो शब्द रोज ऐकायची, शेजारच्या खाटांवर दगावलेल्या जवानांच्या बायकांबद्दल, आणि रोज देवाला सांगायची की हा शब्द माझ्या वाट्याला येऊ देऊ नको. मी वाटणाऱ्या मुलीला म्हटलं, "आमचे नवरे जिवंत आहेत." ती म्हणाली, "मॅडम, साइज बदलून पाहिजे का?"

सौंदडच्या बाईनं टी-शर्ट उलटा करून घातला. शिवण बाहेर, अक्षरं आत. "आंगाले लागूनबी नोको वाटते," ती मला म्हणाली, "पन न घातला तं जेवाले देतीन का नाई, कोनाले मालूम." मीही उलटाच घातला.

शिबिर जखमी माणसांसाठी होतं आणि संडास उकिडवं बसायचे. धरायला कडी नाही, दांडी नाही, फरशीवर पाण्याचा राडा. पहिल्या सकाळी मी आणि सौंदडच्या बाईनं नवऱ्याला दोन्ही काखांत धरून आत नेलं, आणि तोंड वळवून तसंच धरून उभ्या राहिलो. एका परक्या बाईच्या आधारानं त्याला ते करावं लागलं. बाहेर आल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती साबण शोधत म्हणाली, "दादा, घरी तं मी रोज आमच्या मानसाची दाढी करून देतो. आता हात बसला." तेवढ्यानं त्याचा चेहरा जरा सैल झाला.

अध्यक्ष बाहेर लॉनवर चहा पीत होते. मी त्यांना संडासाचं सांगितलं. "अगली बार ज़रूर," म्हणाले, आणि मला विचारलं की बोटिंगच्या वेळी जरा चांगली साडी नेसता येईल का, टी-शर्टचे फोटो झालेत.

बोटिंग दुपारी होतं. तलावाच्या पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. नवरा कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. नारिंगी जाकिटं घालून आम्हा तिघांना बोटीत बसवलं. काठावरून फोटोवाला ओरडून सांगत होता, "भाभीजी, हाथ पकड़िए भैया का. हँसिए. बेबी, उधर नहीं, इधर देखो." बोट काठापासून दोन बांबू लांब गेली असेल नसेल, तर वल्हवणाऱ्यानं ती फिरवली आणि परत पायऱ्यांना लावली. पुढचं कुटुंब तयार उभं होतं, आमचीच जाकिटं घालायला.

मुलगी बसूनच राहिली. "झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," नवरा म्हणाला.

मला त्या वेळी जी शिसारी आली ती अजून नीट सांगता येत नाही. कोणी आम्हाला शिवी दिली नव्हती, कोणी हात उगारला नव्हता. गोड बोलत होते सगळे. पण पाण्याच्या इतक्या जवळ आणून, त्या माणसाची मान किंचित वर झाली असताना, त्याला परत काठावर ओढून घेतलं होतं. समोर तलाव नुसता पडून होता, कोणाचाच नसल्यासारखा. दूर पाणकोंबड्या पोहत होत्या. पक्षी बघायचा कार्यक्रम संध्याकाळचा होता आणि तो पाहुणे येणार म्हणून रद्द झाला.

पाहुणे म्हणजे फलकावरचे ते पुढारी. ते येईपर्यंत आम्ही मंडपात बसलो. नकली पायात घाम साचून नवऱ्याला रग लागली होती, तो मांडी सारखी चोळत होता. पुढारी आले, शौर्यावर बोलले, स्वतःच्या आजोबांवर बोलले, निसर्गावर बोलले. शाली दिल्या. शाल घालताना त्यांनी सौंदडच्या जवानाच्या गालाला हात लावला, लहान लेकराला लावतात तसा. ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या गालाला अचानक हात. तो दचकला आणि मग हसला, कारण सगळे हसले.

तेवढ्यात फोटोवाल्याला काहीतरी सुचलं. तो अध्यक्षांना म्हणाला, "सर, एक आयडिया है. इन भैया को दिखता नहीं, और इन भैया का पैर नहीं. ये इनको कंधे पे बिठा लें, और ये ऊपर से रास्ता दिखाएँ. छोटा वीडियो बनाते हैं. बहुत टची आएगा."

अध्यक्षांनी टाळी वाजवली. पुढारी म्हणाले, "वा, फार सुंदर संदेश जाईल." दोन कार्यकर्ते नवऱ्याला उचलायला पुढे आलेसुद्धा. सौंदडची बाई माझ्या शेजारून उठली. "ते काई नंदीबैल हायत का?" ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नवरा कार्यकर्त्यांना म्हणाला, "थांबा जरासक."

तो खुर्चीवर बसला. पँटचा पाय वर दुमडला. पट्टा सोडला, खटका दाबला आणि नकली पाय काढला. बूट, मोजा, सगळ्यासकट. बाजूच्या खुर्चीचा आधार घेत उठला, एका पायावर उड्या घेत मंचाकडे गेला आणि तो पाय पुढाऱ्यांसमोरच्या टेबलावर उभा ठेवला. फुलांचा गुच्छ आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या मधे.

"तुमाले याचाच फोटो पायजे न," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "घ्या. याले पायजे त्याच्या खांद्यावर बसवा. मी पान्यावर जाऊन राहिलो."

मग माझ्याकडे वळून, "कुबड्या दे."

मी कुबड्या दिल्या, मुलीचा हात धरला आणि त्याच्यामागे निघाले. मागून सौंदडच्या जवानाचा आवाज आला, "काय झालं वं? कोन गेला?" त्याच्या बायकोनं त्याला थोडक्यात सांगितलं. "मंग आपून काऊन बसलो?" असं म्हणून तोही उठला.

पायऱ्यांपाशी नवऱ्यानं कुबड्या बाजूला टाकल्या आणि बसून, हातांवर भार देत एकेक पायरी खाली सरकत गेला. शेवटच्या पायरीवर थांबला. उजवा पाय पाण्यात सोडला. मग थोटकावरची गुंडाळी काढून तेही पाण्यात सोडलं. लाल, सुरकुतलेलं, टाक्यांचे वळ असलेलं. सगळ्यांसमोर, पहिल्यांदा. मी मुलीकडे पाहिलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती दोन पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी बसली आणि वाकून पाण्यात बघू लागली.

बारक्या मासोळ्या जमल्या होत्या. पुरळाच्या खपल्या कुरतडत होत्या बहुतेक.

"बाबा, गुदगुल्या होऊन राह्यल्या का?"

"होऊन राह्यल्या न."

"या पायालेबी?"

"याले तं होतातच. याच्या बोटायलेबी होऊन राह्यल्या."

"बोटं तं नाईत."

"नाईत. तरीबी होतात."

ती खो-खो हसली. तिला ती गंमत वाटली. मला माहीत होतं की नसलेली बोटं त्याला खरोखरच जाणवतात, रात्री ती दुखतातही. हे त्यानं डॉक्टरांना सांगितलेलं मी ऐकलं होतं, मला कधी सांगितलं नव्हतं. सौंदडचा जवान एक पायरी वर बसून विचारत होता, "मासोऱ्या केवढ्या हायत? रंग कसा हाय?" आणि मुलगी त्याला सांगत होती.

थोड्या वेळानं अध्यक्ष पायऱ्यांवर आले. नकली पाय परत घेऊन आले होते. एका उरलेल्या टी-शर्टात गुंडाळून, दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलेला. मेलेला उंदीर घराबाहेर टाकायला नेतात तसा. चेहऱ्यावर ओकारी दाबल्यासारखा भाव. दोन दिवस हाच माणूस माझ्या नवऱ्याला 'देश का अभिमान' म्हणत होता. आता त्याला नवऱ्याच्या घामाचा वास सहन होत नव्हता. मी उठून पाय हातात घेतला, टी-शर्ट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. बोलले असते तर शाळेतल्या बाईंनी बोलू नये असं काहीतरी तोंडातून गेलं असतं.

त्याच संध्याकाळी आम्हाला गाडीत बसवून घरी पाठवलं. 'भैयाची तबियत ठीक नाही' असं सगळ्यांना सांगितलं गेलं.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. बोटीत आम्ही तिघं, नारिंगी जाकिटं, मी हसते आहे. खाली लिहिलं होतं की निसर्गाच्या सान्निध्यात जवानाच्या जखमा भरल्या. नातेवाइकांनी तो फोटो इतक्या वेळा मला पाठवला की मी मोबाइल बंद करून ठेवला. माझाच तो हसरा चेहरा मला बघवेना. सासूबाईंनी कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं, ते मी काढलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर सगळं बरं झालं असं नाही. नवरा अजूनही कधी कधी मधल्या खोलीत दार लावून पडतो. फटाके वाजले की मुलीवर ओरडतो, मग रडतो. पण शिबिरानंतर महिन्याभरानं सौंदडचं जोडपं एका रविवारी आमच्याकडे आलं आणि दोघं पुरुष गळ घेऊन बोडीवर गेले. मग पुन्हा आले. आता येतच असतात. नवरा नकली पाय घरी ठेवतो, थोटकावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो आणि बोडीच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, खाली बसून घसरत जातो. परत येतो तेव्हा कमरेपर्यंत चिखल, मासळीचा वास, केसांत शेवाळ. मला तो वास आवडत नाही, मरळ साफ करायला तर मुळीच आवडत नाही. मी कुरकुरते, तो ऐकून घेतो. पुरळ मात्र कमी झालं. मलम आता मी लावते.

यंदा पुन्हा अध्यक्षांचा फोन आला. या वेळी 'फिशिंग थीम' ठेवतो, म्हणाले, भैयाला आवडतं असं ऐकलं. मी सांगितलं, आम्ही येणार नाही. "मॅडम, हीलिंग के लिए ही तो है," ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि तोंड धुतलं.

मागच्या रविवारी चहाची किटली घेऊन मी मुलीबरोबर बोडीवर गेले. दोघं पाळीखाली पाण्याकडे तोंड करून बसले होते. माझी चाहूल त्यांना लागली नाही. नवरा बोलत होता. गस्तीला किती जण होते, पुढं कोण चालत होता, बर्फ कसा मऊ पडला होता, आवाज आधी ऐकू आला की उजेड आधी दिसला. इतक्या दिवसांत त्यानं हे घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. सौंदडचा जवान गळाची दोरी बोटावर गुंडाळून ऐकत होता, मधेच म्हणाला, "हं. मंग?"

मी किटली पाळीवर ठेवली आणि मुलीला घेऊन पलीकडच्या शेताच्या धुऱ्यानं परत फिरले.