पंचांनी दिलेली फारकत

मैत्रिणींनो, आज दुपारी कळलं की मी अजूनही एका माणसाची बायको आहे!

सहा वर्षांपूर्वी नाशिक रोडला मामाच्या घरी पंच बसले. स्टँप पेपरवर फारकत लिहिली: पोटगी मागणार नाही, मुलगी दहा वर्षांची झाली की बापाकडे. मी सही केली. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर 'घटस्फोटित' लिहीत आले.

आता दुसरं लग्न ठरतंय, म्हणून तो कागद घेऊन वकीलबाईंकडे गेले.

"ताई, हा घटस्फोट नाही. तो कोर्टातूनच घ्यावा लागेल. पोटगीचा हक्क असा लिहून जात नाही. आणि मुलगी कुणाकडे राहणार, हे कोर्ट तिचं हित बघून ठरवतं."

मुलगी त्या कागदामुळे आपोआप जाणार नाही, हे ऐकून मला आनंदाने रडूच आलं. मग विचारलं, माझ्या दुसऱ्या लग्नाचं काय?

"घटस्फोटाला नवऱ्याची संमती घ्या, नाहीतर केस लढा."

बाहेर येऊन त्याला फोन लावला. म्हणतो, "आधी पोरगी पाठव, मग सही."

मामाही त्याच्याच बाजूने! "लिहिलंयस ना तसं? मग दे."

तिला दहा पूर्ण व्हायला महिना राहिलाय. पोरगी देणार नाही. केस लढेन, कितीही वर्षं लागू देत.

पण जो माझ्यासाठी थांबलाय, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगू?