उभ्या गाडीचं पेट्रोल

मंडळी, आमची वीस वर्षांची जुनी गाडी विकायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. दर वेळी टाकी फुल केली की मी किलोमीटर लिहून ठेवते. लिटरला चौदा देणारी गाडी दोन महिन्यांत नऊवर आली होती.

काल जयनगरच्या कानडी मेकॅनिकने सगळं तपासलं. म्हणाला, "इंजिन सरी आहे, एकदम ठीक, अक्का. गळतीपण नाही."

आज सकाळी बाहेर आले, तर फाटकाजवळ उभ्या गाडीचं इंजिन चालू! आत अण्णा, माझे वडील. वय ब्याऐंशी. नजर अधू झाल्यापासून आम्ही त्यांना गाडी चालवू देत नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले, काचेवर गुलाबी फुलं पडलेली.

मी रागातच दार उघडलं. "अण्णा, हे काय?"

"बेळगावला निघालोय. आत्ताच तुमकूर गेलं," ते हळूच म्हणाले. "इंजिन बंद असलं की रस्ता दिसत नाही गं."

मी शेजारी बसले, डोळे मिटले. चित्रदुर्गचा किल्ला दिसेपर्यंत आम्ही दोघं गेलो.

गाडी आता विकत नाही. फक्त सांगा, अशा प्रवासाचं ॲव्हरेज कसं काढायचं?